काल बरं होतं, आज पुन्हा का दुखतंय?

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची आहे. साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. तीन वर्षांपूर्वी कंबर दुखायला लागली, दुखणं डाव्या मांडीपर्यंत उतरायचं. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज निघाला, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली. दोन हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस दबलेली नाही, ऑपरेशनची गरज नाही. इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, पंचकर्म झालं. कॅशच्या खुर्चीत अर्धा तास बसवत नव्हतं. शेवटी पुण्याच्या एका पेन क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी समजावलं की मूळ इजा केव्हाच भरली आहे, आता मज्जासंस्था हळवी झाली आहे, भीती कमी करत हालचाल वाढवायची. मला पटलं. आठ-नऊ महिन्यांत खूप फरक पडला. श्रावणात तर कंबर आहे हेच विसरले होते. गौरींना उभं राहून पुरणपोळ्या केल्या, सवाष्णींची जेवणं केली. विसर्जनाच्या दिवशी मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आता तर ठणठणीत दिसतेस, मग इतकी वर्षं काय झालं होतं?" मी हसून सोडून दिलं. दोन दिवसांनी कंबर अशी धरली की उठवेना.

तेव्हापासून तीन दिवस बरे, दोन दिवस वाईट असं चाललंय. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी कमरेचा अंदाज घेते. डायरीत दहापैकी आकडा लिहिते. दोन-तीन आला तर दिवस चांगला, सहा आला की कुणाशी बोलवतही नाही. आमचे हे उठल्या उठल्या विचारतात, "आज कसं आहे?" काल बरं म्हटलं आणि आज दुखतंय म्हटलं की मलाच खोटं बोलल्यासारखं होतं. मी परत शून्यावर आले का? आणि हे सगळं मेंदूचं असेल तर दोष माझाच ना? तुळशीच्या लग्नानंतर नागपूरला भाचीचं लग्न आहे. एक दिवस तिकीट काढायचं ठरवते, दुसऱ्या दिवशी नको म्हणते. काय करू?

उत्तर

ताई,

तुम्ही शून्यावर आलेल्या नाही. ज्या बाईला अर्धा तास खुर्चीत बसवत नव्हतं, तिने पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या, सवाष्णींना वाढलं आणि मागचं आवरूनही ठेवलं. त्यानंतर कंबर धरली हे खरं. पण तीन दिवस बरे, दोन दिवस वाईट हा हिशोब तुम्हीच लिहिलाय. दुखणं ऐन भरात होतं त्या वर्षी असे सलग तीन दिवस कधी मिळाले होते का, जरा आठवून बघा. वाईट दिवशी हे आठवत नाही, कारण दुखत असताना माणसाला नेमके जुने वाईट दिवसच आठवतात. म्हणून हे पत्र एखाद्या बऱ्या दिवशी पुन्हा वाचा.

पुढचं सांगण्याआधी एक खबरदारी. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर होणं, पाय लुळा पडणं किंवा पाऊल उचलता न येणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट हॉस्पिटल गाठायचं. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कधी झालेला कॅन्सर, किंवा आजवर कधी नव्हतं अशा वेगळ्याच तऱ्हेचं दुखणं, हे असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. ओळखीचंच दुखणं ओळखीच्या जागी कमी-जास्त होतंय. तेव्हा मी त्याच्याबद्दलच लिहिते.

तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, त्याला वैद्यकशास्त्रात आता पक्की जागा आहे. दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला जुनाट म्हणतात. त्यात कधी इजा किंवा सूज कारण असते, कधी नसेचा बिघाड. आणि कधी या दोन्हींचा पुरेसा पुरावा सापडत नाही, पण वेदना जाणवून देणारी यंत्रणाच हळवी झालेली असते. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या तिसऱ्या प्रकाराला २०१७ मध्ये 'नोसिप्लास्टिक' असं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात 'जुनाट प्राथमिक वेदना' हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवलेला आहे. जाऊबाईंना हे सांगायला जाऊ नका, उपयोग होणार नाही. पण तुमच्या मनाशी पक्कं असू द्या, की याला नाव आहे, उपचार आहेत आणि यात नाटक कुठेही नाही.

एमआरआयमधल्या त्या बल्जची धास्ती अजून मनात असेल, तर हेही ऐका. ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या मणक्यात डिस्क बल्ज होता. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्क्यांवर जातं. म्हणजे कंबर कधीही न दुखलेल्या तुमच्या वयाच्या सहकाऱ्यांना मशीनमध्ये घातलं, तर दर दोघांत एकाच्या रिपोर्टवर तोच शब्द येईल. केस पिकावेत तसा तो वयाचा भाग आहे.

आता गौरींचं बघू. सवय नसलेलं काम एकदम केलं की एक-दोन दिवसांनी अंग आंबतं. हे तुमचंच नाही, सगळ्यांचं होतं. दिवाळीची साफसफाई झाली की धडधाकट माणसंही कंबर धरून बसतात. तुमच्या जाऊबाईंचेही पाय त्या आठवड्यात दुखलेच असणार. फरक एवढाच, की त्यांनी "काम फार झालं" म्हटलं आणि झोपल्या. तुमच्या कमरेत तीच ओढ जाणवली तेव्हा तुमच्या मनात तीन वर्षं उभी राहिली. ती इंजेक्शनं, तो पट्टा, खुर्चीत बसता न येणं. त्यात भर म्हणजे पाहुणे गेलेले, घर रिकामं, जागरणं झालेली, आणि जाऊबाईंचं ते वाक्य, जे तुम्ही हसून सोडून दिलं असं लिहिता. ते सुटलेलं नाही. सुटलं असतं तर दीड महिन्यानंतर मला लिहिलेल्या पत्रात शब्दन् शब्द आलं नसतं.

दुखण्याची यंत्रणा चालते ती अशी. शरीराकडून आलेली खबर, झोप, थकवा, पाळीचे दिवस (तुमच्या वयात त्यांचं वेळापत्रकही बदलत असतं), काळजी, लोकांचं बोलणं, आणि "आता दुखणार" ही अपेक्षा, हे सगळं मेंदू एकत्र तोलतो आणि धोका किती याचा अंदाज बांधतो. अंदाज वाढला की दुखणं वाढतं. या गोष्टी रोज बदलतात म्हणून दुखणंही रोज बदलतं. ज्या रात्री झोप तुटते, तिच्या दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. घरात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा पुढे कित्येक महिने दूधवाल्यावरही भुंकतो. तो खोटारडा नसतो, भित्रा झालेला असतो. दर वेळी तुम्ही काठी घेऊन अंगणात धावलात, तर चोर आलाच होता अशी त्याची खात्री होते. त्याला बडवूनही उपयोग नसतो. दूधवाला येतो, घरचे आपलं काम करत राहतात, असं पुष्कळ दिवस घडावं लागतं. मधेच एखाद्या पहाटे तो पुन्हा घर डोक्यावर घेतो. तेव्हा आधीचे शांत दिवस वाया गेले असं आपण म्हणत नाही.

चढउतार होतो म्हणजे मणक्यात काही नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. संधिवातही कमी-जास्त होतो. तुमच्या बाबतीत निदान झालंय ते डॉक्टरांनी नीट तपासून, चढउतारावरून नव्हे. चढउताराचा अर्थ एवढाच, की यंत्रणा अजून दोन्हीकडे झुकते. वर्षभरापूर्वी ती एकाच बाजूला अडकून पडली होती.

यावरून दोषाचा प्रश्न. भीती वाटली की छाती धडधडते. ती आपण ठरवून धडधडवत नाही, आणि मनात आणून थांबवूही शकत नाही. तरी ती धडधड खरी असते, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपलाही ऐकू येते. तुमचं दुखणं मेंदूत ठरतं म्हणजे तुम्ही ते ठरवता असं नाही. अगदी बोट कापलं तरी ते दुखणं मेंदूतच ठरतं. तुमच्या हातात आहे ते दुखणं आल्यावर कसं वागायचं ते, आणि तेही शिकायला वेळ लागतो. एखाद्या दिवशी नाही जमलं तर तो गुन्हा होत नाही. हा दोषाचा विचार मला तुमच्या कंबरदुखीपेक्षा जास्त खुपतो, कारण तो दुखण्यावर आणखी एक ओझं ठेवतो आणि वर ते शहाणपण वाटतं.

आता रोजच्या वागण्याकडे येते. सगळ्यात मोठा बदल मला तुमच्या सकाळी हवा आहे.

डोळे उघडायच्या आधी कमरेचा अंदाज घेते, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. तो अंदाज कसा घेतला जातो ते मी अनेकींकडून ऐकलंय. उताणं पडल्या पडल्या डावा गुडघा जरा वाकवून बघायचा. मग कूस वळायची. टोचलं नाही, तर अजून थोडं वळून बघायचं, नक्की टोचत नाही ना? हात पाठीखाली सरकवून ती जागा दाबायची. कुठेतरी काहीतरी सापडेपर्यंत हे चालतं, आणि तीन वर्षं दुखलेल्या कमरेत शोधलं की काहीतरी सापडतंच. मग डायरीत आकडा पडतो, आणि घड्याळात सहाही वाजलेले नसताना दिवसाचा निकाल लागतो.

हा विचार येऊच द्यायचा नाही, असं मी सांगणार नाही. तो येणार. आला की "आलास का, बरं" म्हणायचं आणि जे रोज करता तेच करायचं. पाय खाली टाकायचे, खिडकी उघडायची, चहाचं आधण ठेवायचं. आधण उकळेपर्यंत कंबर कशी आहे याचा निर्णय लांबवायचा. चहा झाल्यावर अजून थोडा लांबवायचा. सकाळी अंग जड असतंच, या वयात बहुतेकांचं असतं. हालचाल सुरू झाली की पहिल्या अर्ध्या तासात ते पुष्कळ सैल होतं. त्या अर्ध्या तासाच्या आतला आकडा हा दिवसाचा आकडा नव्हेच.

डायरी बंद करा. डॉक्टरांनी ठेवायला सांगितली असेल तर त्यांना विचारून बंद करा, पण विचारा. आकडा लिहिण्याने दुखण्याचा पहारा लागतो आणि मिळत काही नाही. लिहायचंच असेल तर रविवारी संध्याकाळी चार ओळी लिहा. किती दुखलं हे लिहायचं नाही, काय केलं ते लिहायचं. कुठे गेला, कुणाला भेटला, काय रांधलं, किती वेळ बसून काम झालं. तीन महिन्यांनी ही पानं उलटून बघाल तेव्हा तुमची सुधारणा त्यांत दिसेल. आकड्यांच्या पानांत दिसणार नाही.

हे मी मनचं सांगत नाही. दुखण्याची आठवण फार फसवी असते. डॉ. डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनी १९९६ मध्ये त्रासदायक तपासण्या होत असलेल्या रुग्णांना मधूनमधून विचारून दुखणं नोंदवलं आणि नंतर ते किती होतं हेही विचारलं. लोकांच्या आठवणीत राहिला तो सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचा काळ. तपासणी किती वेळ चालली, याचा जवळजवळ हिशोबच उरला नव्हता. तुमचा आठवडाही असाच आठवत असणार. मंगळवारची कळ आणि आजची सकाळ. मधले चार बरे दिवस कुठे गेले?

अजून एक गोष्ट, जी फारसं कुणी समजावून सांगत नाही. अगदी वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा जरा बरा जातो, काहीही न करता. पण वाईट दिवशी आपण गप्प बसत नाही. नवं तेल लावतो, पट्टा बांधतो, कुणी सांगितलेली वनस्पती उकळून पितो. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय तेलाला जातं. उलटही तेच. फारच चांगल्या दिवसानंतरचा दिवस थोडा उतरतो. मग दोष वांग्याच्या भाजीवर, बँकेतल्या एसीवर, चढलेल्या जिन्यावर जातो. वांगं बंद, जिना बंद, पंखा बंद. बंद केलेल्या गोष्टींची यादी वाढत जाते आणि जगायला जागा उरत नाही. तुमची अशी यादी असेल तर ती काढून बघा. तिच्यातल्या निम्म्या गोष्टींचा काही संबंध नसेल. डॉक्टरांनी मनाई केलेलं सोडून बाकीचं एकेक करून परत सुरू करा.

मनाच्या कारणांचा शोधही याच जातीचा. या उपचारांची ओळख झाली की काही जण प्रत्येक कळेमागे एक भावना शोधायला लागतात. आज दुखतंय म्हणजे मी कुणावर रागावले असेन? बालपणी काय झालं होतं? जाऊबाईंचं बोलणं तुम्हाला लागलं हे मी वर सांगितलं ते ठसठशीत दिसत होतं म्हणून. एरवी कित्येक वाईट दिवसांना कारण सापडत नाही, आणि सापडायची गरजही नसते. पूर्वी मणक्यात शोधत होतो, आता मनात शोधायचं, यात पहारा तसाच राहतो.

चांगल्या दिवसांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण खरी गोम तिथेच असते. तुम्ही साताऱ्याच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकाकडे चालायला जात असाल असं समजू. बऱ्या दिवशी वरपर्यंत जाऊन यायचं, शिवाय आल्यावर कपाट आवरायचं, दळण आणायचं, "आज बरं आहे तोवर उरकून घेऊ" म्हणून. वाईट दिवशी उंबरठाही ओलांडायचा नाही. मज्जासंस्थेला यातून एकच धडा मिळतो: हालचाल ही धोक्याची गोष्ट आहे, ती चांगल्या दिवशीच करायची असते. म्हणून माप आधी ठरवा आणि ते कमरेला न विचारता ठरवा. वाईट दिवशीही जेवढं जमलं असतं, त्याच्या आसपास. समजा, पंधरा मिनिटं सपाट रस्त्याने चालणं. मग बऱ्या दिवशी पाय शिवशिवले तरी पंधराच. वाईट दिवशी सात-आठ मिनिटं चाला, हळू चाला, पण चप्पल घालून बाहेर पडा. दोन आठवडे हे नीट चाललं की थोडं वाढवा. बऱ्या दिवशी थांबणं हे वाईट दिवशी उठण्यापेक्षा अवघड जातं. आपल्याकडे बायकांना तर काम बाकी ठेवून बसायची सवयच नसते.

हेच गोळ्यांचं. तुम्हाला रोजची गोळी चालू आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. चालू असेल तर बऱ्या दिवशी बुडवायची आणि वाईट दिवशी दोन घ्यायच्या, असं करू नका. या दुखण्यासाठी रोज दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या नियमित घेतल्या तरच काम करतात, आणि काही एकदम बंद केल्या तर त्रास होतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पट्टाही फिजिओथेरपिस्टने बांधायला सांगितला नसेल तर कपाटात राहू द्या.

वाईट दिवस उजाडलाच, तर त्या दिवसापुरते एवढे नियम. मोबाईलवर दुखण्याबद्दल काही शोधायचं नाही. नवा डॉक्टर, नवं औषध, नवा एमआरआय, नोकरी सोडणं, लग्नाला न जाणं, यांपैकी कोणताही निर्णय त्या दिवशी घ्यायचा नाही. रोजचं काम करायचं, पण अर्ध्या मापाने. दिवसातून एक-दोनदा पाच मिनिटं आरामात बसायचं किंवा पडायचं, श्वास हळू सोडायचा आणि त्या दुखण्याकडे नुसतं बघायचं. नेमकं कुठे आहे? गरम आहे की ओढल्यासारखं? एका जागी आहे की सरकतंय? घालवायचा प्रयत्न करायचा नाही. आणि स्वतःला सांगायचं, अगदी तोंडाने: "दुखतंय, पण काही मोडत नाहीये." फार दुखत असेल तेव्हा हे बघणंही नको. तेव्हा शेक घ्या, आवडीचं काही ऐका, शेजारणीशी गप्पा मारा.

या बघण्याला फार महत्त्व देते, त्याला कारण आहे. अमेरिकेत बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात जुनाट कंबरदुखीच्या १५१ लोकांवर याच धर्तीच्या उपचाराची चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणं धोक्याचं नाही हे मेंदूला पुन्हा शिकवायचं, असा तो उपचार होता. चार आठवड्यांनंतर उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोक दुखण्यातून पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण मोकळे झाले होते. ज्यांचे नेहमीचे उपचार चालू होते, त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के होतं. आकडा मोठा आहे, पण ती एकच चाचणी आहे, तिथे त्यांना तज्ज्ञ माणसं आठवड्यातून दोनदा भेटत होती, आणि त्यांतही एक तृतीयांश लोक तेवढे बरे झाले नाहीत. तेव्हा "चार आठवडे झाले, मी का नाही?" असा हिशोब मांडू नका.

घरातल्यांकडे येते. तुमचे यजमान रोज सकाळी विचारतात ते प्रेमापोटी. पण त्या प्रश्नाने तुमची तपासणी पुन्हा सुरू होते, आणि त्यांचा चेहरा उतरला की तुम्हाला वाईट वाटतं ते वेगळंच. एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांना सांगा, "तुम्ही विचारता ते बरं वाटतं, पण सकाळी कमरेचं नका विचारू. मदत लागली तर मी आपणहून सांगेन. त्याऐवजी चहा घेऊन माझ्याबरोबर दहा मिनिटं बसा." बहुतेक नवऱ्यांना नेमकं काय करायचं ते कळलं की हायसं वाटतं. आणि तुम्ही हे पाळायचं, म्हणजे मदत लागली की खरंच सांगायचं. भरलेला गॅस सिलिंडर एकटीने सरकवून मग रात्री कण्हत बसायचं नाही.

काल बरं आणि आज दुखतंय, यात खोटं काही नाही. दोन्ही दिवशी तुम्ही खरंच सांगितलंत. नातेवाइकांना मात्र रोजचा अहवाल द्यायची गरज नाही. "हळूहळू बरी होतेय, मधूनमधून दुखतं" हे एक वाक्य सगळ्यांसाठी पुरेसं आहे. बऱ्या दिवशीही तेच, वाईट दिवशीही तेच, कारण दोन्ही दिवशी ते खरं असतं. जाऊबाईंनी पुन्हा विचारलं तर हसू नका. शांतपणे सांगा, "जाऊबाई, तेव्हा फार दुखत होतं. तुम्ही तसं म्हणालात ते मला लागलं." भांडण होणार नाही. झालं तरी ते तुमच्या कमरेत साठण्यापेक्षा बरं.

या सगळ्यात मन फारच खचत असेल, दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर कंबर बरी होण्याची वाट बघत बसू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ वर कधीही फोन करा, मराठीतही बोलता येतं. आणि तुमच्या पेन क्लिनिकच्या डॉक्टरांना सांगा. त्यांना हे नवीन नाही.

आता नागपूर. तिकीट आजच काढा. कंबर कशी आहे हे बघून नका काढू. भाची तुमची आहे म्हणून काढा. रोज सकाळी कमरेला विचारून लग्नाचा निर्णय होणार असेल, तर तुळशीचं लग्न उलटेपर्यंत तो होणारच नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेस साताऱ्याहून थेट नागपूरला जाते, गाडी बदलावी लागत नाही. प्रवास लांबचा आहे, पण गाडीत उठता, बसता, आडवं होता येतं. ४५ वर्षांवरच्या महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो तिकीट काढतानाच मागून घ्या. पाठीशी घ्यायला घरची छोटी उशी न्या. दर तास-दीड तासाने दारापर्यंत एक फेरी मारा, दुखत असो वा नसो. लग्नाच्या दोन दिवस आधी पोचा, म्हणजे मधला दिवस मोकळा मिळेल. वधूच्या आईला आत्ताच फोन करून सांगा की मी येणार, मधूनमधून बसणार, रुखवत मांडायचं काम माझ्याकडे द्या, वाढपाचं नको. हळदीला थोडं नाचावंसं वाटलं तर एका गाण्यापुरतं नाचा.

लग्नात दुखलं तर? दुखू शकतं. दगदग आहे, झोप कमी होणार, माणसं भेटणार. तेव्हा काय करायचं ते यजमानांशी आधीच बोलून ठेवा: खोलीवर जायचं, वीस मिनिटं पडायचं, परत यायचं. अक्षता चुकल्या तरी चालतील, पंगतीला या. परतीचं तिकीटही आत्ताच काढा, आणि साताऱ्यात उतराल त्याच्या दुसऱ्या दिवसाची रजा पतसंस्थेत टाकून ठेवा. त्या दिवशी बरं वाटलं तरी कपाट आवरायला घेऊ नका.